कमानीतलं अक्षर

तार आली तेव्हा मी कचेरीच्या पायरीशी,
निंबाखाली, बोरूला टोक करत होतो.
सेलूच्या ठेसनातनं हमाल अनवाणी पळत आला
आणि पेशकारसाहेबांनी तोंडातलं पान थुंकून टाकलं.
एवढंच.
मग दारं लागू लागली.

आधी सराफाचं, मग अत्तरवाल्याचं,
मग कलालाचं. ते मागून उघडंच होतं.
वेशीवरचा चौघडा थांबला.
नागोराव टिपऱ्या मांडीवर घेऊन दोन दिवस बसला,
तिसऱ्या दिवशी हातांना चैन पडेना
तेव्हा बायकोला शेंगा फोडून देऊ लागला.
गणपती मुक्यानंच ओढ्यात उतरले.
रोजे चालू होते. जुम्म्याला खुतब्यात
खतीबसाहेब एका नावापाशी अडखळले
आणि मागची अख्खी रांग खोकली.

बाजारच्या दिवशी हुकमीचंद रुपयाचे
साडेपंधरा आणेच देऊ लागला.
म्हणे धनी गेला, शिक्का म्हातारा झाला.
गवळ्याच्या तुळजाबाईनं रुपया त्याच्या नाकाशी धरला:
"मिनार मोज की. चारच हाईत अजून."
मिनार चारच होते.
पण मधल्या कमानीत, दारवान उभा असावा तसं,
एक मीम होतं, हुजुरांच्या नावाचं.
टांकसाळीत आता तिथं ऐन बसणार,
ही खबर मला टपालवाल्यानं कानात सांगितली,
जशी काही माझीच बदली झाली होती.

मी अर्जनवीस. एका अर्जाला दोन आणे.
दगडू कोळ्याच्या नावेचा अर्ज लिहिला
आणि हात सवयीनं धावला:
ज्यांची छाया अखंड राहो, ज्यांचं आयुष्य...
खिडकीतनं कागद परत आला.
आठ आण्यांचा स्टँप वाया.
दगडू बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.
त्याला वाचता येत नव्हतं.
"मेलेल्याला अर्ज केला व्हय, मुन्शीजी?"

त्याच हप्त्यात तेल्याच्या लिंबाजीला
कडब्याच्या गंजीत पान लागलं.
आता आपल्या मुलखात हे सगळ्यांना ठाऊक होतं:
हुजुरांच्या नावाची दुहाई द्यायची,
गाठ सोडायची, इख उतरतं.
माझ्या चुलत्याचं उतरलेलं मी पाहिलंय.
गफूर पहारेकरी ते काम करायचा, पैसा घेत नसे.
त्याला उठवून आणला. कंदील धरला.
त्यानं पोराच्या पिंढरीवर पागोट्याची पट्टी आवळली,
तोंड उघडलं,
आणि थांबला.

जुनं नाव मातीत.
नव्याला अजून कोण ओळखतंय, साप तरी ओळखेल का?
कुणी म्हणालं जुनंच घे, कुणी म्हणालं नवं घे, गुन्हा होईल.
तेलीण म्हणाली, "घे रं बाबा कोणतंबी."
गफूर खाली वाकला. ओठ हलत होते.
आम्हाला काही ऐकू आलं नाही.

पोरगं जगलं. पाय जरा ओढतं.
कोणत्या नावानं जगलं यावर हॉटेलात दोन गट पडले,
एकमेकांच्या बशीत चहा ओतेनात.
ईद झाल्यावर मी गफूरला एकट्याला गाठलं.
तो बिडी विझवून म्हणाला:
"भुजंगराव, दोन्ही नावं विसरलो होतो.
लिंबाजी, लिंबाजी, एवढंच म्हणत होतो.
कुणाला सांगू नका, नोकरी जाईल."

चौघडा पुन्हा सुरू झाला, नागोरावचा हात थोडा जड पडलाय.
हुकमीचंद सोळा आणे देतो.
नवे रुपये अजून इकडे फारसे आले नाहीत.
मी मात्र अर्जाच्या माथ्याशी बोरू टेकला
की आधी मीमचं गोल डोकं काढून बसतो.
मग त्याच गोलाला वरून फोडून, खाली पोट देऊन
त्याचं ऐन करतो.
शाई तिथं दाटते.
खिडकीतल्या कारकुनाला ते दिसतं.
तो काही बोलत नाही, शिक्का मारतो.